उकाडा, वळीव आणि कपाट : ठाण्यातील उन्हाळ्यासाठी कपड्यांची निवड व खरेदी

२०२५ साली २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. एरवी त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते. म्हणजे तो सोळा दिवस आधी आला, आणि मुंबईच्या नोंदींत इतक्या लवकर तो पूर्वी कधी आल्याचे आढळत नाही. त्या दिवशी ठाण्यात माझ्या कपाटात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घेतलेले दोन पांढरे मलमलचे कुर्ते घडी न मोडता पडून होते, आणि पायांत मात्र चामड्याच्या चपला होत्या. त्याच्या आदल्या वर्षी, १३ मे २०२४ रोजी, दुपारी कडक ऊन असताना अचानक धुळीचे वादळ उठले आणि पाठोपाठ पाऊस कोसळला. अशा दोन वर्षांनंतर उन्हाळ्याची खरेदी पंचांगावर विसंबून करणे मी सोडून दिले. त्यानंतर जी पद्धत बसत गेली, ती येथे मांडत आहे. मी स्वतः ठाण्यात राहते आणि ऐरोलीच्या बाजूला नोकरीस जाते, त्यामुळे उदाहरणे त्याच वाटेवरची आहेत.

सर्वांत आधी एक प्रश्न बदलावा लागतो. दुकानात आपण कापडाला हात लावतो आणि ते गार लागते का, एवढेच पाहतो. ठाणे आणि नवी मुंबई येथे खरा प्रश्न वेगळा आहे : हे कापड भिजल्यावर किती वेळात वाळेल? जळगाव किंवा नागपूरचे ऊन कोरडे असते; तेथे घाम आला की तो उडून जातो आणि उडताना अंगातील उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे समुद्र आणि खाडी यांमुळे हवेत आधीच इतके बाष्प असते की घामाला उडून जायला जागा उरत नाही आणि तो अंगावरच राहतो. हवामान विभागाचे निकषही हा फरक मानतात. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेल्याखेरीज उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, तर किनारपट्टीवर ३७ अंशही पुरेसे ठरतात, मात्र ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागतात. म्हणून विदर्भातील मावशी जो सल्ला देते, तो आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

‘उन्हाळ्यात सुती घालावे’ हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. सामान्य हवेत कोरडा कापूससुद्धा स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, लिनन सुमारे बारा टक्के, आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. ओलावा शोषणे हा गुण खरा. परंतु जाड सुती कापड शोषलेले पाणी सोडतच नाही, आणि स्थानकावर भिजलेला जाड कॉटनचा शर्ट अकरा वाजेपर्यंत पाठीला चिकटलेला राहतो. जीन्स हे याचे टोकाचे उदाहरण आहे. तीही सुतीच असते. तेव्हा सुतीपणाइतकाच पातळपणा आणि विणीचा मोकळेपणा महत्त्वाचा ठरतो. मलमल, व्हॉइल, पातळ केंब्रिक, कोटा डोरिया, मंगलगिरीचे हलके सूत आणि पातळ खादी ही कापडे आपल्या हवेला मानवतात. लिनन उत्तम, पण त्याला चुण्या पडतात, आणि त्या चुण्या ज्यांना सहन होत नाहीत त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. दर दोन तासांनी कुर्त्याची खालची बाजू ओढून सरळ करत बसणे यात कसलीही ऐट नाही. रेयॉन अंगावर छान पडते आणि स्वस्तही असते, मात्र ओले झाल्यावर ते अंगाला चिकटते आणि त्याचा धागा कमकुवत होतो, त्यामुळे वळवात भिजण्याची शक्यता असलेल्या दिवशी ते टाळलेले बरे. पॉलिस्टरला सरसकट नावे ठेवण्याचेही कारण नाही. उपवनला किंवा येऊरच्या चढावर पहाटे पळणाऱ्यांसाठी जाळीदार विणीचा पॉलिस्टर टीशर्ट सोयीचा असतो, कारण तो लवकर वाळतो. तोच दिवसभर कार्यालयात घातला तर वास धरतो, इतकेच.

आधी कपाट, मग बाजार

आपली स्वतःची अशी पेहरावाची धाटणी शोधण्यासाठी मोठ्या अभ्यासाची गरज नाही. गेल्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांतील भ्रमणध्वनीवरची छायाचित्रे उघडावीत आणि कोणते कपडे पुन्हा पुन्हा दिसतात ते पाहावे. मी हे केले तेव्हा माझ्याकडे असलेल्या बावीस उन्हाळी कपड्यांपैकी पाचच सतत अंगावर असल्याचे दिसले. त्या पाचांत साम्य होते : बाही कोपरापर्यंत, गळा मोकळा पण खोल नाही, उंची गुडघ्याच्या किंचित खाली, आणि रंग नीळ, पांढरा किंवा गेरूच्या छटेचा. हीच माझी धाटणी. उरलेले सतरा कपडे दुसऱ्या कोणाला शोभताना पाहून घेतलेले होते. ज्या आकारात आपण विचार न करता वावरतो तोच आकार दोन-तीन कापडांत आणि चार रंगांत पुन्हा घेणे, यात कंटाळवाणे असे काही नाही. पुरुषांनाही हे लागू आहे. ज्यांना शर्ट पँटमध्ये खोचायचा नसतो त्यांनी सरळ खालच्या कडेचा आखूड शर्ट घ्यावा, लांब गोलाई असलेला घेऊन रोज तो बाहेर काढून फिरू नये.

रंगांच्या बाबतीत एक गोष्ट अनुभवाने कळते आणि दुकानात कोणी सांगत नाही. घामाचे डाग सर्वांत जास्त दिसतात ते मध्यम राखाडी, फिकट आकाशी आणि तत्सम सपाट रंगांवर. पांढऱ्यावर ते फारसे दिसत नाहीत, गडद निळ्यावर दिसत नाहीत, आणि बारीक बुट्टी किंवा ठशांची छपाई असलेल्या कापडावर तर नजर ठरतच नाही. ज्यांना कार्यालयात लोकांसमोर उभे राहून बोलायचे असते त्यांनी आकाशी शर्ट डिसेंबरसाठी राखून ठेवावा. पांढऱ्याची अडचण दुसरी आहे : पावसात तो पारदर्शक होतो. म्हणून मे महिन्याचा पंधरवडा उलटला की मी पांढरे मलमल मागे सारते आणि छापील केंब्रिक पुढे आणते.

मापाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण चांगले कापड चुकीच्या मापात वाया जाते. सैल कपड्यात हालचालीबरोबर हवा आतबाहेर होत राहते आणि घाम उडायला तेवढीच मदत होते. परंतु सैल म्हणजे एक आकार मोठा नव्हे. खांदा बरोबर बसावा आणि मोकळीक काखेत, छातीवर व पाठीवर असावी. जुन्या पद्धतीच्या कुर्त्यांत काखेखाली चौबगला, म्हणजे एक छोटा चौकोनी तुकडा, घालत असत. त्यामुळे हात वर केला तरी कुर्ता वर ओढला जात नसे आणि काखेत कापड घासत नसे. शिंप्याला सांगितले तर तो आजही घालून देतो. तयार कपडे घेताना ट्रायल रूममध्ये आरशासमोर ताठ उभे राहून काहीच कळत नाही. उजवा हात वर करून लोकलमधली कडी धरल्यासारखे उभे राहावे, मग खाली वाकावे, मग रिक्षात बसल्यासारखे बसून पाहावे. या तिन्हींत जो कपडा विसरायला होतो तो घ्यावा.

आता अस्तराविषयी, कारण माझ्या मते स्त्रियांच्या उन्हाळी खरेदीतील सर्वांत मोठी फसगत येथे होते. वरून शुद्ध सुती असलेल्या पातळ ड्रेसला आतून क्रेप किंवा सॅटिनचे पॉलिस्टर अस्तर लावलेले असते. अंगाला लागते ते अस्तर, आणि घाम पडतो तो त्याच्यावर. वरच्या मलमलला काही करण्याची संधीच मिळत नाही. त्यामुळे कपडा नेहमी उलटा करून पाहावा. सुती अस्तर असेल तर उत्तम. नसेल तर बिनअस्तराचा ड्रेस घेऊन त्याखाली पातळ सुती स्लिप वेगळी घालावी. ती रोज धुता येते आणि तीन-चार ड्रेसांना एकच चालते.

दुकानातली पारख

दोन वर्षांपूर्वी एका दुकानात ‘लिनन’ म्हणून मी बऱ्यापैकी किमतीचा कुर्ता घेतला. पोत लिननसारखा होता, रंग सुरेख होता, आणि विक्रेत्याने कापडाचे नाव इतक्या वेळा उच्चारले की लेबल पाहण्याचे मला सुचलेच नाही. घरी आल्यावर आतल्या शिवणीतले इवलेसे लेबल वाचले तर त्यात निम्म्याहून अधिक पॉलिस्टर होते. दोष माझाही होता. तेव्हापासून पहिली नजर किमतीवर नव्हे तर त्या लेबलवर जाते. ‘कॉटन फील’, ‘लिनन लुक’, ‘कॉटन मिक्स’ हे शब्द कापडाचे नाव सांगत नाहीत, फक्त ते कशासारखे दिसते ते सांगतात.

लेबल नसेल, किंवा ताक्यावरून कापड घ्यायचे असेल, तर हाताने करण्याच्या काही परीक्षा आहेत. कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद घट्ट दाबून सोडावा. सूत आणि लिनन चुरगळते, पॉलिस्टर पुन्हा सरळ होते. कापड ओठांजवळ धरून त्यातून फुंकर घालावी. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा सहज जाणवली तर वीण मोकळी आहे. बोट ओले करून कापडावर टेकवावे. ओल लगेच पसरली तर कापड शोषून घेणारे आहे. मात्र नव्या कापडावर पुष्कळदा खळ किंवा फिनिशिंगचा थर असतो आणि तेव्हा ही परीक्षा फसू शकते. रंग जातो का हे पाहण्यासाठी ओल्या पांढऱ्या रुमालाने आतल्या शिवणीवर घासावे. नीळ, दाबू आणि अजरखाच्या छपाईबाबत हे न चुकता करावे, कारण पहिल्या वळवात त्यांचा रंग हातातल्या फिकट पिशवीवर उतरतो. ठाम खात्री हवी असेल तर घरी शिवणीतला एक सुटा धागा चिमट्यात धरून, मोरीत किंवा ओट्यावर सांभाळून, जाळून पाहता येतो. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी बनतो.

हातमागाच्या वस्तूंवर हँडलूम मार्क असतो. ही योजना २००६ पासून सुरू आहे आणि प्रदर्शनांतील खरेदीत तिचा चांगला उपयोग होतो, कारण तेथे यंत्रमागाचे कापडही बिनदिक्कत हातमाग म्हणून खपवले जाते. यंत्रमागाचे कापड वाईट असते असे मात्र नाही. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथील मागांवर निघणारे साधे सुती कापड रोजच्या वापराला चोख असते; फक्त त्याची किंमत हातमागाची देऊ नये.

कराचा हिशेबही लक्षात घेण्याजोगा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि त्याहून महाग नगावर १८ टक्के. अडीच हजारांच्या किंचित वर गेलेला एक कुर्ता घेण्यापेक्षा त्या रकमेत दोन साधे कुर्ते घेणे आपल्या हवेत अधिक शहाणपणाचे आहे, कारण येथे रोज कपडा बदलावा लागतो. छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात. त्यावर वेगळा कर लावला तर तो देऊ नये. देयकावरून वाद झाला आणि दुकानात तो मिटला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

कोठे आणि केव्हा

खरेदी दोन हप्त्यांत करावी, हा या लेखातील माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. ठरवलेल्या रकमेपैकी साधारण दोन तृतीयांश गुढीपाडव्याच्या आसपास खर्च करावी आणि उरलेली मेच्या मध्यापर्यंत हातात ठेवावी. मार्चमध्ये पुढचे दोन महिने कसे जातील हे कोणालाच माहीत नसते. ऊन लांबले तर त्या राखीव रकमेतून आणखी एक मलमल येते. पाऊस लवकर आला तर लवकर वाळणारी पँट आणि रबरी सँडल येतात. छत्री मात्र मार्चमध्येच घ्यावी. ती उन्हालाही लागते आणि पहिल्या सरीनंतर स्थानकाबाहेर जी मिळेल ती, सांगतील त्या भावाने, घ्यावी लागत नाही. आतून काळी किंवा गडद अस्तराची छत्री ऊन अधिक अडवते.

ठाण्यात तयार कपड्यांसाठी गोखले रोड आणि राम मारुती रोड ही नेहमीची वाट आहे. सुटीच्या दिवशी संध्याकाळी तेथे चालायलाही जागा नसते आणि घाईत कापड उलटे करून पाहिले जात नाही. म्हणून शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकाने उघडल्यावर लगेच जावे. घरात घालायचे कपडे, पंचे, रुमाल आणि चादरी यांसाठी जांभळी नाक्याची जुनी बाजारपेठ मला अधिक आवडते. नवी मुंबईकरांना वाशीचे सेक्टर १७ आणि तेथील स्थानकाजवळचे मॉल सोयीचे आहेत. मॉलमध्ये एक सावधगिरी बाळगावी : वातानुकूलित हवेत कोणतेही कापड सुखद वाटते, त्यामुळे तेथे अंगाच्या भावनेपेक्षा लेबलावर विश्वास ठेवावा. ताक्यावरचे कापड घेऊन शिवून घेणाऱ्यांनी एक सकाळ काढून दादरचे हिंदमाता किंवा काळबादेवीचे मंगलदास मार्केट गाठावे. ठाण्याहून लोकलने जाऊन दुपारच्या उन्हापूर्वी परतता येते.

कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायला विसरू नये, कारण मीटरचा हिशेब त्यावर ठरतो. ४४ इंच पन्ह्याचे कापड असेल तर गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला बहुतेकांना अडीच मीटर पुरते, पण हातमागाचा पन्हा कमी असू शकतो. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून वीतभर जास्त घ्यावे आणि शिंप्याकडे देण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून द्यावे. शिंप्याला पाडव्याच्या आधीच गाठावे. लग्नसराई सुरू झाली की तो ‘पुढच्या शनिवारी’ म्हणतो आणि तो शनिवार जूनमध्ये उजाडतो.

एका दिवसात तीन हवा

आमच्या वाटेवर एका दिवसात तीन ऋतू भेटतात. सकाळी ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत घामाच्या धारा, दिवसभर महापे-ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत अंगावर काटा आणणारा गारवा, आणि संध्याकाळी घणसोलीपर्यंत येताना आभाळ भरून आलेले. ओल्या पाठीने गार हवेत बसणे सर्वांत त्रासाचे. यावर उपाय साधा आहे : पिशवीत एक पातळ सुती बनियन किंवा स्लिप ठेवावी आणि पोहोचल्याबरोबर आतला कपडा बदलावा, वरचा तोच राहू द्यावा. कार्यालयाच्या खणात एक स्टोल किंवा हलके जॅकेट आणि एक जोडी रबरी सँडल कायमची ठेवून द्यावी. मोबाइल आणि कागदांसाठी झिप असलेली प्लास्टिकची पिशवी लागतेच.

पँट किंवा सलवार घोट्याच्या वर संपणारी असावी. जमिनीला टेकणारा पलाझो पहिल्या सरीत गुडघ्यापर्यंत पाणी ओढून घेतो. पादत्राणांत कोल्हापुरी चप्पल मार्च-एप्रिलसाठी सर्वोत्तम, पाय मोकळा राहतो आणि ती कुर्त्यावर व जीन्सवर सारखीच शोभते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेले ते चामडे पाण्यात फुगते, म्हणून मेच्या मध्यावर ती पुसून, तेलाचा हलका हात देऊन, माळ्यावर ठेवावी. कॅनव्हासचे बूट हवेशीर वाटतात, परंतु एकदा भिजले की दोन दिवस वाळत नाहीत.

स्कूटरवर जाणाऱ्या स्त्रियांचा सनकोट आणि तोंडाला बांधलेला स्कार्फ यांची थट्टा होते, पण त्यामागचा विचार बरोबर आहे. पातळ पांढऱ्या मलमलमधून सूर्याचे अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात आत येतात, आणि ओल्या सुती कापडातून ते आणखी येतात. म्हणजे जे कापड सावलीत सर्वांत सुखाचे, तेच उघड्या उन्हात सर्वांत कमी संरक्षण देते. घोडबंदर रस्त्यावर दुपारी दुचाकी चालवायची असेल तर वरून दाट विणीचा, गडद रंगाचा सुती सनकोट घालावा आणि पोहोचल्यावर काढावा. उघड्या त्वचेवर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन लावावे. ३० आणि ५० यांत नावाइतका फरक नाही, पहिले त्वचा भाजणारे किरण सुमारे ९७ टक्के अडवते आणि दुसरे सुमारे ९८ टक्के. दर दोन तासांनी ते पुन्हा लावणे अधिक महत्त्वाचे आहे.

मे महिन्यातील लग्नांविषयी एवढेच, की भर दुपारच्या मुहूर्ताला जड पैठणी नेसण्याचा हट्ट नवरीच्या आईने धरावा, इतरांनी धरू नये. रेशीम आणि सूत यांच्या मिश्रणाची माहेश्वरी किंवा चंदेरी साडी तेवढीच समारंभाची दिसते आणि निम्म्या वजनाची असते. पुरुषांनी जरीचे जॅकेट हातात धरून फिरण्यापेक्षा उत्तम शिवलेला एकच लिननचा कुर्ता घालावा.

घामाचे कपडे साठवून रविवारी एकदम धुण्याची सवय सोडावी, कारण घामाचा क्षार कापडात मुरला की पिवळेपणा जात नाही. घरी आल्यावर साध्या पाण्यातून पिळून काढले तरी पुरते. नवा कपडा पहिल्यांदा धुतल्यावर रात्री दहाला पंख्याखाली टाकावा आणि सकाळी सहाला हात लावून पाहावा. त्या वेळेपर्यंत तो वाळला असेल तर तोच आकार, तेच कापड आणखी एका रंगात घ्यायला हरकत नाही. कडक खळ घातल्याने कापड अंगापासून सुटे राहते हे खरे, पण विणीची छिद्रे बुजतात, म्हणून ती पातळ असावी. आणि जूनमध्ये मलमलचे कपडे आत ठेवताना खळ पूर्ण धुऊन काढून, कोरड्या उन्हाचा एखादा दिवस मिळाला तर तो साधून, सुती कापडात गुंडाळून ठेवावेत; खळीचे कपडे पावसाळ्यात कसर खाते.